वृद्धाश्रमातल्या बायांना काय शिकवायचं? (डिमेन्शियाचा शेवटचा टप्पा)

सिस्टरबाई

नमस्कार मंडळी. तीसेक वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते, आता निवृत्त. वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या अलीकडे एका खेड्यात राहते. शेजारच्या गावात एक वृद्धाश्रम आहे. तिथल्या चालकांनी दिवाळीनंतर निरोप पाठवला, "सिस्टर, आमच्या बायांना जरा ट्रेनिंग देऊन टाका." 'देऊन टाका' म्हणजे एका दुपारी उरकून टाका, हे तिथे गेल्यावर कळलं.

आश्रमात २६ जण आहेत. त्यातल्या सात जणांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), तोही शेवटच्या टप्प्यातला. सांभाळायला नऊ बाया आणि दोन पुरुष. शिक्षण सहावीपासून बारावीपर्यंत. कोणी नर्सिंग शिकलेलं नाही, पण सासू-सासऱ्यांचं सगळ्यांनीच केलेलं.

शेवटचा टप्पा म्हणजे चष्मा कुठे ठेवला ते विसरणं नव्हे, ते कधीच मागे पडलं. डॉक्टर लोक या आजाराच्या सात पायऱ्या मानतात. सातव्या पायरीवर बोलणं पाच-सहा शब्दांवर येतं, मग एका शब्दावर. मग चालणं जातं, मग आधाराशिवाय बसणं, मग हसू, आणि सगळ्यात शेवटी मान धरणं. लेकरू ज्या क्रमाने शिकतं त्याच्या साधारण उलट. मात्र म्हातारं माणूस लेकरू नसतं, हे बायांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. "बाळा, आ कर" म्हटलं की आमचे एक आबाजी तोंड घट्ट मिटून घेतात. पंचवीस एकर पऱ्हाटी (कपाशी) कसलेला माणूस, त्याला बाळा म्हटलेलं कसं चालेल?

पहिला वर्ग माझा पार फसला. पुतण्याकडून प्रोजेक्टर आणला, मेंदूची चित्रं दाखवली, अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०६ मध्ये डिमेन्शियाचा एक प्रकार पहिल्यांदा कसा मांडला तेही सांगितलं. बाया सभ्यपणे ऐकत होत्या. अर्ध्या तासात लाईन गेली. अंधारात एक बाई म्हणाली, "हे सगळं बरोबर हाय सिस्टर, पन बुढा घास थुंकते तवा काय करा?"

दुसऱ्या वर्गाला मी फक्त एक पातेलं शिरा नेला. अर्ध्या जणींना खुर्चीत बसवलं, डोळ्यांना ओढणी बांधली, हात मांडीखाली दाबून ठेवायला लावले. उरलेल्यांना सांगितलं, रोज भरवता तसंच यांना भरवा. झालं! उभ्याने, एकमेकींशी बाजाराच्या गप्पा मारत, पहिला घास गिळायच्या आत दुसरा ओठाला लावून सुरू. मिनिटभरात एकीने घास थुंकला. ओढणी सोडून म्हणाली, "कोन भरवते, काय भरवते, काही समजतच नाही. अन वरून घाई. थुंकीन नाई तं काय करीन?" हीच ती आदल्या वेळी प्रश्न विचारणारी.

तेव्हापासून मेंदूची चित्रं कपाटात. आता पुढचे वर्ग आखायचे आहेत. आंघोळ, गिळणं, दुखणं ओळखणं आणि संध्याकाळचा गोंधळ असे चार विषय डोक्यात आहेत. ज्यांनी घरी किंवा संस्थेत हे केलंय त्यांनी लिहा. पुस्तकी नको, हातचं सांगा.

संत्राबर्फी

वाचनखूण केली आहे. माझ्या सासूबाईंचं मी अमरावतीत घरीच पाच वर्षं केलं. शिऱ्याचा प्रयोग वाचून पोटात कालवलं, कारण मीही उभ्यानेच भरवायचे. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात मोबाईल.

लांबचा_लेक

माझी आई यवतमाळकडच्या एका आश्रमात आहे, मी पुण्यात. राग मानू नका सिस्टर, पण हे सगळं छान-छान वाटतं. मी दर महिन्याला पैसे भरतो. गेल्या खेपेला गेलो तर आईला सुती साडीच्या पट्टीने खुर्चीला बांधलेलं. विचारलं तर म्हणे, "पडते म्हणून." यात ट्रेनिंगचा प्रश्न कुठे येतो? हा माणुसकीचा प्रश्न आहे.

सिस्टरबाई

राग कसला? तुमच्या जागी मी असते तर तिथेच आवाज चढवला असता. पण एक सांगते. आमच्याकडेही बांधत होते. बांधणारी बाई निर्दय नव्हती. रात्री तेरा जणांमागे ती एकटी. महिन्याभरापूर्वी एक आजी पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तिलाच बोल लागला होता. पुन्हा बोल नको, म्हणून गाठ मारली.

बांधल्याने पडणं टळतंच असंही नाही. माणूस सुटायची धडपड करतो, पट्टीत अडकतो, घसरून खाली लोंबकळतो. त्यात जीव गेल्याच्या घटना आहेत. हालचाल बंद झाली की पायातलं उरलंसुरलं बळ जातं, खाली जखमा होतात, पोट साफ होत नाही. आम्ही एवढंच केलं: खाटांचे पाय कापून त्या बुटक्या केल्या (सुताराने एका दिवसात केलं), खाली जुन्या गाद्या टाकल्या. आणि एक आजी रात्री का उठतात ते पाहिलं. लघवीला उठत होत्या. आता अकराला आणि तीनला कोणी न्यायला जातं. बांधायची वेळच येत नाही.

माणुसकी हवीच. पण रात्री तीनला माणुसकीने नेमकं काय करायचं, ते कोणीतरी दाखवावं लागतं.

पांढरा_कोट

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. दोन आश्रमांना भेटी असतात. 'झोपेची गोळी लिहून द्या' ही मागणी मला दर भेटीला येते. मीही पूर्वी लिहून द्यायचो, हे कबूल करतो. भ्रम-चिडचिड आवरायला देतात त्या औषधांनी डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. कधी ती द्यावी लागतात, अगदी नाइलाजाने, थोड्या दिवसांसाठी. पण 'ओरडते' हे काही निदान नाही.

ओरडणाऱ्या माणसात मी आधी पाहतो: पोट किती दिवसांत साफ झालं नाही, लघवी तुंबली आहे का, लघवीला जंतुसंसर्ग आहे का, दात, कान, जखम. कालपर्यंत बरी असलेली आजी आज एकदम भलतीच वागायला लागली किंवा एकदम गुंगीत गेली, तर तो डिमेन्शिया वाढला असं समजू नका. अंगात काहीतरी बिघडलंय, त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. बायांना बाकी काही शिकवलं नाही तरी चालेल, हे एक वाक्य पाठ करून घ्या.

दुखणं मोजायला एक सोपी पट्टी आहे, पेनॅड नावाची, २००३ पासून वापरात. माणसाला बोलता येत नसेल तर पाच गोष्टी पाहायच्या: श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, अंगाची ठेवण, आणि जवळ घेतल्यावर शांत होतो की नाही. प्रत्येकीला शून्य ते दोन, एकूण दहापैकी गुण. पाच मिनिटांत कोणालाही जमतं.

कवठाची_चटणी

डॉक्टरसाहेब, आमच्याकडे अजूनही "साठी बुद्धी नाठी" म्हणून विषय संपवतात. नाहीतर "बाहेरचं झालं" म्हणून लिंबू उतरवतात. माझ्या आजोळी आजोबांचे तीन वर्षं उतारेच झाले. दुखत असेल हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. गेल्यावर दातांच्या कवळीखाली ही मोठी जखम दिसली.

पऱ्हाटी

मी अशाच एका आश्रमात काम करते. चार वर्स झाले. इथं लिवाव का नाई विचार करत होती. लेकीनं टाईप करून देल्लं.

सायबाइले एक सांगतो, गुन देनं आमाले जमते पन कागद भरनं नाई जमत. एका पाळीत मले बारा जनाइचं करा लागते. हागवन लागली का एकीचंच चार डाव. मंग कागद कवा भरू?

आनखी एक. आमी काय बोलतो ते बुढीले समजत नाई असं तुमी समजता. माह्या वार्डात एक माय हाय, ते काहीच बोलत नाई. नवीन पोरगी आली, शिकलेली, मोठ्या शहरातली. "आजी, तुम्हाला काय हवंय? पाणी हवंय का?" माय तिच्याकडं पाहेच ना. मी म्हटलं, "माय, पानी पाह्यजे का वो?" तं मान हालवली तिनं. तिले ते 'हवंय' समजतच नाई. तिच्या जलमात कोनी तिले 'हवंय' म्हटलं नसन.

गडचिरोलीकर

पऱ्हाटीताई, लाखमोलाचं बोललात. आमच्याकडे हे आणखी पुढचं. एका गोंड आजोबांना सगळे 'मुके' समजायचे. स्वयंपाकाला नवीन आलेली बाई गोंडी बोलणारी निघाली. तिने सहज हाक मारली, आजोबांनी उत्तर दिलं. मराठी त्यांनी बाजारापुरती मोठेपणी शिकली होती. नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि आईकडून आलेली सगळ्यात शेवटपर्यंत टिकते, असं पुष्कळ जणांत दिसतं. आता त्या बाईंनी बाकीच्यांना दहा-बारा शब्द शिकवलेत. पाणी, जेवण, दुखतं का, झोपायचं का, एवढेच. यवतमाळकडे कोलाम लोकांचंही असंच असणार.

सिस्टरबाई

पऱ्हाटीताई, लेकीला माझा आशीर्वाद सांगा. तुम्ही लिहिलं नसतं तर हा धागा आम्हा शिकलेल्यांचाच राहिला असता.

कागदाचं तुमचं खरं आहे. मी छापील तक्ते वाटले होते. पंधरा दिवसांनी पाहिलं तर एका तक्त्यावर सगळ्यांना रोज शून्य, एकाच हाताने, एकाच पेनाने. महिन्याभराचे एकदमच भरलेले! आता भिंतीवर शाळेचा जुना फळा लावला आहे आणि खडू ठेवला आहे. नाव आणि एक ओळ, बस. तेही ज्याचं काही वेगळं दिसलं त्याचंच. पाळी बदलताना दोघींनी फळ्यासमोर उभं राहायचं. फळा आतल्या खोलीत आहे, भेटायला येणाऱ्यांना दिसत नाही. कोणाच्या शौचाची नोंद चारचौघांत कशाला?

घासभर

मी वाचा आणि गिळण्याची थेरपिस्ट आहे, नागपुरात. भरवण्याबद्दल लिहायलाच हवं, जरा लांबेल.

आपल्याकडे एक सवय आहे जी या आजारात घात करते: वरून पाणी पिणं. तांब्या ओठाला न लावता, मान मागे टाकून धार तोंडात सोडायची. म्हातारी माणसं जन्मभर तशीच प्यायली, म्हणून बायाही प्रेमाने तसंच पाजतात. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी पडते आणि पाणी थेट फुप्फुसाकडे जाऊ शकतं. त्यातून न्यूमोनिया. माझ्या वर्गात मी सगळ्यांना मान पूर्ण मागे टाकून आवंढा गिळायला लावते, मग मान किंचित पुढे घेऊन. फरक घशालाच कळतो, भाषण लागत नाही.

पाजताना, भरवताना माणूस ताठ बसलेला हवा. पलंगावर असेल तर पाठीला उशा, गुडघ्यांखाली एक. भरवणारीने समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं. चमचा लहान, अर्धा भरलेला. घास गिळला की नाही हे गळ्याची घाटी वर-खाली झाली त्यावरून पाहायचं, मग दुसरा. गालात घास साठवून ठेवतात तेही बघायचं. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. जेवताना ठसका लागतो, जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा येतो, वारंवार ताप येतो, ही धोक्याची चिन्हं.

पदार्थाचं म्हणाल तर सगळ्यात अवघड असतो तो दोन जातींचा घास. पातळ वरणात भाकरीचे तुकडे: पाणी आधी घसरतं, तुकडा मागे राहतो, मेंदूचा गोंधळ उडतो. भाकरी वरणात पूर्ण भिजवून एकजीव करा. मुरमुरे, फुटाणे, चिवडा, कोरडी भाकरी बंद. शिरा, मऊ खिचडी, घट्टसर चून (पिठलं) घालून मळलेला भात, दह्यात कुस्करलेलं केळं, पिकलेली पपई चालते. किती घट्ट, हे पाहायची साधी खूण: चमचा तिरपा केल्यावर गोळा सहज घसरून पडला पाहिजे, चमच्याला चिकटून राहता कामा नये आणि सांडून पसरताही कामा नये.

आणि हाताखाली हात. टीपा स्नो नावाच्या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने ही पद्धत जगभर पोचवली. चमचा आपण धरायचा, पण आजींचा हात आपल्या हाताच्या वर ठेवून घ्यायचा. मग तो हात तोंडाकडे जातो तेव्हा तो त्यांचाच हात असतो. बोलणं गेलं तरी हात तोंडाकडे नेण्याची ओळख स्नायूंत उरलेली असते. कित्येकदा तोंड आपोआप उघडतं.

लांबचा_लेक

एका माणसाला असं भरवायला किती वेळ लागतो?

घासभर

तीस-चाळीस मिनिटं. कधी जास्त.

लांबचा_लेक

म्हणजे सात जणांना साडेचार तास. दिवसातून तीनदा. मग सरळ नाकातून नळी का घालत नाहीत? आईच्या बाबतीत मला तसं सुचवलं गेलंय. मी 'हो' म्हणायच्या बेतात होतो.

पांढरा_कोट

थांबा. हे नीट ऐका, घाई करू नका.

अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली: डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने भरवण्याची शिफारस नाही, हाताने जपून भरवावं. नळीने आयुष्य वाढतं, न्यूमोनिया टळतो किंवा जखमा भरतात असं दिसलेलं नाही. उलट माणूस नळी ओढतो, म्हणून त्याचे हात बांधले जातात. तुम्हाला पट्टीचा राग आला होता ना? नळीनंतर हातही बांधले जाण्याचीच शक्यता जास्त.

एक अभ्यास सांगतो. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. नर्सिंग होममधल्या शेवटच्या टप्प्यातल्या ३२३ जणांना १८ महिने पाहिलं. तेवढ्यात निम्म्याहून जास्त गेले. सुमारे ८६ टक्क्यांना खाण्याची अडचण आली, सुमारे ४१ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. म्हणजे खाणं कमी होणं हा या आजाराच्याच वाटेवरचा मुक्काम आहे, कोणाची चूक नव्हे. आणि ज्या नातेवाइकांना पुढे काय होणार हे आधी नीट समजलं होतं, त्यांच्या माणसाला शेवटच्या तीन महिन्यांत त्रासदायक उपचार कमी सोसावे लागले.

तुमच्या आईबद्दल मी इथून काही ठरवू शकत नाही. पण तिच्या डॉक्टरांना एवढं विचारा: नळीने तिला बरं वाटेल की आपल्याला?

लांबचा_लेक

विचारतो.

तूरडाळ

इतकं सगळं करायला माणसं कुठून आणायची? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान दीडशे जणांचा एक आश्रम असावा असं लिहिलं आहे. आश्रम उभा राहिला तरी तिथे काम कोण करणार, हा प्रश्न सुटत नाही. देशात साठीवरच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. बायकांत आणि ग्रामीण भागात प्रमाण जास्त. पोरं पुण्या-मुंबईला. बाकी तुम्ही हिशोब करा.

पऱ्हाटी

मानसं हायेत. पगार नाई. वेचणी लागली का आमच्या इथल्या तीन बाया वावरात जाते. किलोवर पैसे भेटते, आश्रमापेक्षा जास्त. दोन महिन्यानं परत येते. तवरक सिकवलेलं गेलं वाऱ्यावर.

सिस्टरबाई

आमच्याकडेही सोयाबीन सोंगणीला आणि कापूस वेचणीला निम्मी पाळी रिकामी असते. म्हणून मी आता वर्ग एकदाच मोठा घेत नाही. आठवड्याला वीस मिनिटं, एकच गोष्ट, खाटेपाशी उभं राहून. नवीन आलेल्या बाईला जुनी बाई शिकवते, मी नुसती बाजूला. चालकांशी पगारावरून माझे दोनदा वाजले आहेत. तिसऱ्यांदाही वाजतील.

आंघोळीचं कोणी लिहिलं नाही, तर मीच लिहिते. आमच्या एका आजी आंघोळीला नेलं की चावायच्या, ओरबाडायच्या. नोंदीत 'हिंसक' लिहिलेलं. मी एकदा उभी राहून पाहिलं. गाऊन डोक्यावरून सर्रकन काढला, थंडीत उघडं अंग, आणि तांब्याभर पाणी थेट डोक्यावर. समोर एक पुरुष कर्मचारी, उचलायला आलेला. जिने साठ वर्षं लुगड्याचा पदर डोक्यावरून खाली पडू दिला नाही, तिने चावलं नाही तर काय करावं?

आता आम्ही खाटेवरच अंग पुसतो. मोठी चादर अंगावर राहूच द्यायची. कोमट पाण्यात टॉवेल पिळून चादरीखालून आधी पाय, मग हात, मग पाठ. एक भाग पुसला की लगेच कोरडा करून झाकायचा. तोंड आणि केस सगळ्यात शेवटी, कारण डोक्यावर पाणी आलं की माणूस घाबरतं. पुरुष आत येत नाही. आणि गाऊनवर एक जुन्या लुगड्याचा तुकडा देतो, पदरासारखा. दिवसभर तो डोक्यावर ओढत बसतात. आधी त्या गाऊनच डोक्यावर ओढायच्या आणि सगळे म्हणायचे, लाज सोडली बुढीने.

संत्राबर्फी

सासूबाई पण गाऊन वर ओढायच्या. मी ओरडायचे त्यांच्यावर. देवा.

सिस्टरबाई

तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. जाऊ द्या.

कवठाची_चटणी

सिस्टर, संध्याकाळच्या गोंधळाचं लिहा ना. आईचं दिवेलागणीला सुरू होतं. "घरी जाऊ दे, घरी जाऊ दे." आम्ही घरीच असतो.

सिस्टरबाई

आमच्या आबाजींचं सांगते, पंचवीस एकरवाल्या. रोज सहाला: "बैल बांधले का बे?" शब्द चारच उरलेत, ते सगळे यात गेले. आधी पोरं सांगायची, "आबाजी, बैल कुठून आले इथं, झोपा आता." मग ते उठायला बघायचे, पडायचे, शिव्या. आता गणपत, म्हणजे आम्ही त्याला गणपतच म्हणतो, खरं नाव वेगळं आहे, तो जवळ बसून म्हणतो, "बांधले जी. कडबा टाकला. पाणी पाजलं." आबाजी त्याच्या हाताकडे बघतात आणि टेकतात. पोळ्याच्या दिवशी आम्ही शेजारच्या वावरातली खरी जोडी फाटकापर्यंत आणली. आबाजींनी बैलाच्या वशिंडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. बैलही उभा राहिला बिचारा.

तुमच्या आईला 'घर' म्हणजे बहुधा माहेर असेल. "हेच घर आहे" म्हणून भांडू नका. "घरी कोण कोण आहे गं?" म्हणून विचारा. दिवे मात्र अंधार पडायच्या आधी लावा. सावल्या हलतात त्याला घाबरतात. टीव्हीवरच्या मालिकेतलं रडणं-ओरडणं बंद करा.

तूरडाळ

म्हणजे खोटं बोलायचं? "बैल बांधले" हे धडधडीत खोटं आहे. एवढ्या वयस्क माणसाची फसवणूकच की ही.

सिस्टरबाई

मलाही सुरुवातीला टोचलं होतं. यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. गोळी साखरेत लपवून देणं मला चालत नाही; सही घेताना, पैशाच्या कामातही मी कधी खोटं चालू देत नाही. पण बैलांचं काय करू? रोज सहाला त्यांना सांगू की बैल विकून वीस वर्षं झाली? ते दुःख त्यांना रोज नव्याने होणार आणि कारण लक्षात राहणार नाही. आमचा गणपत म्हणतो, "मी खोटं नाई बोलत सिस्टर. ते इचारते काम झालं का, मी म्हनतो झालं. दिवसभराचं काम तं झालंच असते ना माह्यं."

तूरडाळ

हम्म. गणपतला नमस्कार.

गडचिरोलीकर

उन्हाळ्याचंही बघा. आमच्याकडे आणि चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. या माणसांना तहान लागली ते सांगता येत नाही, कित्येकांना कळतही नाही. नवतप्यात (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) मी आश्रमात दर तासाला घंटी लावली होती. घंटी वाजली की प्रत्येकाला चार-पाच चमचे पाणी, ताक, पन्हं. पाणी पातळ म्हणून ठसका लागत असेल तर घट्ट करून. लघवी गडद, जीभ कोरडी, म्हणजे उशीर झाला. आणि एक गंमत (गंमत कसली!). जखम होऊ नये म्हणून दान आलेल्या हवेच्या गाद्या लाईन गेली की बसतात, कारण पंप बंद. बाया निर्धास्त होत्या, 'गादी आहे ना' म्हणून. लाईन असो-नसो, दोन तासांनी कूस बदला. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा तरंगत्या ठेवा.

पांढरा_कोट

अडल्या-नडल्यास दोन फोन लिहून ठेवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. टेलिमानस सांभाळणाऱ्यांसाठीही आहे, फक्त रुग्णांसाठी नाही. आश्रमात कोणी गेलं की त्याची खाट दुपारपर्यंत दुसऱ्याला दिलेली असते, आणि सहा वर्षं त्याला भरवणारी बाई पुढच्या खाटेकडे वळलेली असते. तिला कोणी विचारत नाही.

पऱ्हाटी

माह्या वार्डातली एक माय गेली मागच्या वर्सी, ते पानीवाली नाई, दुसरी. घरचे आले, रडले, गेले. मले कोनी म्हटलं नाई का बसा. मी तिचे भांडे घासून ठेवले. तिची वाटी मी अजून कोनाले देली नाई.

सिस्टरबाई

(उत्तर सुचत नाही, ताई. वाचलं.)

फळ्याचं थोडं पुढचं सांगते. परवा सकाळी फळ्यावर लिहिलेलं सापडलं: "खिडकीजवळची माय. डाव्या अंगावर लेटवू नका. कानाले हात लावला का तोंड वाकडं करते. गुन ६." रात्रपाळीच्या बाईचं अक्षर. गुण तिने पाचही गोष्टी बघून दिले होते, मी सकाळी पुन्हा मोजले, सहाच आले. डॉक्टर आले, कानात पू होता. या माय महिनाभर रात्री ओरडतात म्हणून त्यांच्या नावावर झोपेची गोळी लिहून आणायचं चाललं होतं. आता कानाचं औषध सुरू आहे.

पुढच्या आठवड्यापासून नातेवाइकांना एक पान पाठवते आहे. घरी त्यांना काय हाक मारायचे? कोणत्या कुशीवर झोपायच्या? ताटातलं आधी काय खायच्या? उठल्यावर पहिलं काम काय असायचं? कशाला घाबरायच्या? कोणाला हवं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, पाठवते. कोणत्याही आश्रमात चालेल.

लांबचा_लेक

मला पाठवा. नळीचं डॉक्टरांशी बोलणं झालं, तूर्तास नाही घालत. आश्रमातल्या बाईंशीही बोललो, पहिल्यांदाच नीट. त्यांचं नावही मला माहीत नव्हतं.

लांबचा_लेक

पान मिळालं, धन्यवाद. पहिलं भरलं: आम्ही तिला 'बाई' म्हणायचो, आई नाही. आश्रमात सगळे 'आजी' म्हणतात, ते बदलायला सांगितलं. दुसरं भरलं, उजवी कूस. तिसऱ्याला अडकलो आहे. ताटातलं आधी काय खायची ते आठवतच नाही, कारण ती कायम आमच्यानंतर जेवायची. धाकट्या मावशीला फोन लावतो.